गळाला लागलेले गैरसमज

पाण्यात गळ टाकून बसलेला माणूस रिकामटेकडा, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. कोकणात गरवायला निघालेल्याला घरचेच दोन शब्द सुनावतात. धरणाकाठी रॉड घेऊन बसलेल्याला येणारे-जाणारे ‘काय लागलं का?’ एवढं विचारून पुढे सरकतात. हा अर्थशास्त्राचा आणि समाजशास्त्राचा विषय आहे म्हटलं तर अनेकांना हसू येईल. पण हौशी मासेमारीवर गेली पन्नासेक वर्षं गंभीर संशोधन चालू आहे. त्यातून जे पुढे आलं ते छंदाच्या चाहत्यांना फारसं सोयीचं नाही आणि टीकाकारांनाही नाही.

‘मूठभर हौशी लोकांचा खेळ’

जागतिक बँकेच्या 2012 च्या अहवालाने जगातल्या हौशी मासेमारांची संख्या सुमारे 22 कोटी धरली होती. मासे पकडून विकण्यावर ज्यांचं पोट आहे, त्यांच्या पाचपटीहून हा आकडा मोठा आहे. बर्लिनचे संशोधक रॉबर्ट आर्लिंगहाउस आणि त्यांचे सहकारी यांच्या हिशेबानुसार औद्योगिक देशांत साधारण दहातला एक माणूस वर्षातून कधीतरी गळ टाकतो.

हे सगळे धनिक नव्हेत. जागतिक अन्न व कृषी संघटनेची व्याख्या साधी आहे: मासा हे त्या माणसाच्या पोषणाचं मुख्य साधन नसावं आणि पकडलेला मासा सहसा विकला जाऊ नये. प्रत्यक्षात ही रेषा पुसट असते. खाडीकाठी गरवताना तांबोशी लागली तर ती रात्रीच्या कालवणात जाणारच. 2024 मधल्या एका जागतिक अभ्यासानुसार नद्या-तलावांतल्या एकूण नोंदलेल्या पकडीपैकी सुमारे 11 टक्के वाटा हौशी मासेमारांचा होता. म्हणजे हा छंद बऱ्याच घरांच्या ताटापर्यंतही पोहोचतो.

‘जितका खर्च, तितका फायदा’

हा गैरसमज चाहत्यांचा, आणि माझ्या मते सगळ्यांत चिवट. अमेरिकेतल्या सरकारी पाहणीनुसार 2022 मध्ये तिथल्या जवळजवळ चार कोटी हौशी मासेमारांनी 99 अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला. असा आकडा हाती आला की उद्योगसंघटना तो फलकावर लावतात आणि ‘आम्ही अर्थव्यवस्था चालवतो’ म्हणतात.

इथे दोन गोष्टी निसटतात. पहिली अशी, की खर्च म्हणजे लाभ नव्हे. रॉड-रील, पेट्रोल, लॉज यांवर गेलेला पैसा ही छंदाची किंमत झाली. उद्या तळं बंद झालं तर तोच माणूस तो पैसा क्रिकेटवर किंवा ट्रेकिंगवर उडवेल. देशाचं उत्पन्न फारसं हलणार नाही. हलेल ते त्या तळ्याकाठच्या गावाचं, कारण पैसा आता दुसऱ्या गावात जाईल. म्हणून खर्चाचा आकडा गावाच्या किंवा जिल्ह्याच्या पातळीवर बरंच सांगतो आणि देशाच्या पातळीवर फार थोडं.

खरा लाभ वेगळाच असतो: माणूस जास्तीत जास्त किती द्यायला तयार होता आणि प्रत्यक्षात त्याला किती द्यावे लागले, यांतला फरक. तो मोजायची एक युक्ती हॅरोल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने 1947 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाला पत्राने सुचवली, आणि पुढे मॅरियन क्लॉसनने 1959 मध्ये ती वापरात आणली. लांबून येणाऱ्याला खर्च जास्त पडतो, म्हणून तो कमी वेळा येतो. जवळचा वारंवार येतो. प्रवासाचा खर्च हीच जणू तिकिटाची किंमत धरली, की तळ्याला किती मागणी आहे ते आखता येतं. फुकट पाण्याचं मोल काढायची ही रीत आजही वापरात आहे.

दुसरी गोष्ट मोजणीची. याच अमेरिकी पाहणीत 2016 चा खर्च सुमारे 46 अब्ज डॉलर होता. सहा वर्षांत छंद दुप्पट महाग झाला का? मुळीच नाही, पाहणीची पद्धत बदलली होती, आणि दोन वर्षांची तुलना करू नका असं अहवालातच बजावलं होतं. अमेरिकेतल्याच समुद्रातल्या हौशी मासेमारीच्या पाहणीची गंमत याहून मोठी. फोनऐवजी टपालाने प्रश्नावली पाठवायला लागल्यावर फेऱ्यांचा अंदाज कित्येक पटींनी वाढला. मग 2023 मध्ये लक्षात आलं, की प्रश्नांचा क्रम नुसता बदलला तरी तो 30 ते 40 टक्क्यांनी उतरतो. ‘गेल्या दोन महिन्यांत किती वेळा गेलात?’ याचं उत्तर देताना माणसं वर्षभराच्या फेऱ्या त्यात घुसडतात. हौशी माणसाच्या आठवणीवर अर्थशास्त्र उभारणं किती जोखमीचं आहे, याचा यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र चाहत्यांच्या बाजूची. अमेरिकेत मासेमारीच्या बहुतेक साहित्यावर 10 टक्के उत्पादन कर आहे. 1950 च्या कायद्यानुसार तो पैसा राज्यांच्या मत्स्य विभागांना मिळतो आणि परवान्याचं शुल्क दुसऱ्या कामाला वळवता येत नाही. तिथल्या नद्या-तळ्यांच्या देखभालीचा मोठा भार गळवाले स्वतः उचलतात.

‘एका गळाने समुद्र थोडाच आटतो?’

एकाने आटत नाही. लाखोंनी फरक पडतो. 2004 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात फेलिसिया कोलमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या सागरी पकडीचा हिशेब मांडला. एकूण पकडीत हौशी वाटा जेमतेम 4 टक्के होता. पण ज्या जातींची अवस्था आधीच चिंताजनक होती, त्यांच्या पकडीत तो 23 टक्के निघाला, आणि मेक्सिकोच्या आखातात 64 टक्के. एकूण आकड्याआड हे लपून राहिलं होतं. कॅनडातल्या तळ्यांबद्दल जॉन पोस्ट आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये असाच इशारा दिला होता. मासे कमी झाले की धंदेवाईक मच्छीमाराला तोटा होतो आणि तो ओरडतो. हौशी माणूस मात्र मुकाट्याने गाडी पुढच्या तळ्याकडे वळवतो. त्यामुळे ऱ्हास होतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

‘सोडला म्हणजे वाचला’

पकडून सोडलेल्या माशांपैकी किती मरतात, यावरच्या 53 अभ्यासांचा आढावा 2005 मध्ये घेतला गेला. सरासरी 18 टक्के निघाली, पण जातीनुसार आणि परिस्थितीनुसार आकडे शून्यापासून 95 टक्क्यांपर्यंत पसरलेले होते. गळ ओठात अडकला की घशात उतरला, पाणी किती गरम होतं, मासा हवेत किती वेळ धरला, यावर सगळं अवलंबून. खोल पाण्यातून वर ओढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते आणि सोडल्यावर तो बुडूच शकत नाही. म्हणून 2022 मध्ये मेक्सिकोच्या आखातात खडकांजवळचे मासे धरणाऱ्या नौकांवर मासा खाली पोहोचवायचं साधन किंवा हवा काढायची सुई ठेवणं सक्तीचं झालं. जर्मनीत तर खायचा इरादाच नसताना मासा धरणं प्राणीसंरक्षण कायद्यात बसत नाही.

‘आम्ही शांततेसाठी जातो’

विचारलं तर बहुतेक जण हेच सांगतात: निसर्ग, मोकळी हवा, मित्र. आर्लिंगहाउस यांनी जर्मन मासेमारांचा अभ्यास केला तेव्हा उद्देश हेच निघाले. समाधान मात्र बरंचसं मासा लागतो की नाही यावर ठरत होतं. मासेमारांच्या घरच्यांना हे संशोधनाआधीच ठाऊक असावं.

‘बंदी घातली की नदी वाचते’

आता आपल्याजवळची गोष्ट. कावेरीतला कुबड्या महाशीर हा जगातल्या सर्वांत मोठ्या गोड्या पाण्यातल्या माशांपैकी एक. 1946 मध्ये तिची उपनदी असलेल्या काबिनीत 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महाशीर गळाला लागल्याची नोंद आहे. पुढे कर्नाटकात भीमेश्वरी, गालिबोरे अशी शिबिरं उभी राहिली. पकडलेला मासा सोडलाच पाहिजे, हा तिथला नियम. वाटाडे आणि राखणदार म्हणून आसपासच्या गावांतली माणसं घेतली. आधी चोरून मासे मारणाऱ्यांपैकी काहींनाही तिथेच काम मिळालं. सुरुंगाने मासे मारणाऱ्यांवर या माणसांची नजर असे.

2012 मध्ये वन्यजीव कायद्याच्या नव्या अर्थानुसार अभयारण्यातली ही मासेमारी थांबली. हेतू चांगला होता. पण राखणदारांचे पगार बंद झाले, पहारा ढिला पडला, आणि चोरट्या मासेमारीला मोकळं रान मिळेल अशी भीती एड्रियन पिंडर आणि राजीव राघवन यांच्यासारख्या अभ्यासकांनी बोलून दाखवली. आणखी एक नुकसान सहसा कुणी बोलत नाही: नोंदी थांबल्या. गालिबोरेच्या शिबिरात 1998 ते 2012 या काळात सहा हजारांहून अधिक महाशीर तासांच्या आणि वजनाच्या हिशेबासह वहीत उतरले होते. त्याच वह्यांवरून 2015 मध्ये कळलं, की एकूण मासे वाढत होते, पण कुबड्या महाशीर नाहीसा होत चालला होता आणि त्याची जागा निळ्या परांचा महाशीर घेत होता.

हा निळ्या परांचा महाशीर आला कुठून? ही जात कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून शास्त्राला ओळख करून दिलेली. लोणावळ्याच्या वळवण केंद्रात टाटांच्या वीज कंपनीने तिचं कृत्रिम प्रजनन यशस्वी केलं, तिथली पिल्लं इतर राज्यांना दिली गेली, आणि हा मासा कावेरीतही सोडण्यात आला. महाशीर वाढावा म्हणून सगळ्यांनी मनापासून काम केलं, हौशी मासेमारांनीही. पण सोडला गेला तो दुसऱ्या नदीचा महाशीर. कुबड्याला शास्त्रीय नाव निश्चित मिळायलाही 2018 उजाडलं, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. शिबिरांचे समर्थक हा भाग सांगायचं टाळतात, बंदीचे समर्थक वह्यांचा.

महाराष्ट्रात महाडजवळचा वाळणकोंड किंवा वाड्याजवळचं तिळसे इथे देवाचे म्हणून मासे राखले जातात. तिथे गळ नाहीच, आणि तसंच असावं. बाकी धरणं, खाड्या, किनारे यांवर मात्र हौशी मासेमारी चालूच असते. मच्छीमार सोसायट्या, मत्स्य विभाग आणि गळवाले यांनी मिळून काही ठरवायचं, तर आधी आकडे लागतील. ते सरकारने गोळा करेपर्यंत थांबायचं कारण नाही. तुम्ही गरवायला जात असाल तर एक वही करा: तारीख, ठिकाण, किती तास बसलात, कुठला मासा, किती वजनाचा, ठेवला की सोडला. आणि रिकाम्या हाताने परतलात तर तोही दिवस लिहा. तो गाळला, तर ताशी पकडीचा हिशेब खोटा पडतो.