गणपती करून दुबईला जाता? मग दिवस मोजून जा!
परदेशी नोकरी, गावचे घर आणि इन्कम टॅक्सचा हिशेब

रत्नागिरी जिल्ह्यात दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, मंडणगड या भागांत फिरलात, तर बऱ्याच गावांत अशी घरे भेटतील की ज्यांची चूल दुबई, कुवेत, मस्कत नाहीतर दोह्याच्या पगारावर पेटते. चिऱ्याचे नवे घर, बोअरवेल, पोरांची शिक्षणे, बहिणीचे लग्न, सारे त्या पैशावर. पण रिटर्नचा विषय काढला की उत्तर ठरलेले. “तिकडे टॅक्स नाय, मग इकडे कशाला भरायचा?”

यातले अर्धे खरे आहे. दुबई, कुवेत, सौदी, कतार, बहारीन येथे पगारावर इन्कम टॅक्स नाही. (ओमानने मात्र २०२५ साली कायदा केला असून, वर्षाला ४२ हजार रियालच्या वर कमावणाऱ्यांना २०२८ पासून ५ टक्के कर बसणार आहे.) उरलेले अर्धे न समजल्यामुळे गावच्या माणसाचा हक्काचा पैसा सरकारजमा होऊन पडून राहतो, नाहीतर एक दिवस घरी नोटीस येते.

दिवसांचा खेळ

आपला कायदा माणसाचा पासपोर्ट नव्हे, तर तो किती दिवस भारतात राहिला हे पाहतो. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक १८२ दिवसांपेक्षा कमी दिवस इथे असेल तर तो ‘अनिवासी’. त्याचा परदेशातला पगार इथे करपात्र नाही. १८२ दिवस भरले की तो ‘निवासी’. मग तिकडचा पगारही इथल्या रिटर्नमध्ये दाखवावा लागतो आणि बसेल तो कर भरावा लागतो.

आता आपल्याकडची पोरे म्हणतात, “गणपती करून जातो.” २०२३ साली अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला होती. १ एप्रिलपासून त्या दिवसापर्यंत मोजले तर १८१ दिवस होतात. म्हणजे पहिल्यांदाच नोकरीला जाणारा जो मुलगा विसर्जनाच्या दिवशी विमानात बसला, तो अनिवासी ठरला. दुसऱ्या दिवशी गेला, त्याचे १८२ भरले! एका दिवसाने सहा महिन्यांचा पगार हिशेबात आला. जाण्याचा आणि येण्याचा दिवसही भारतातलाच धरून चालावे. पासपोर्टवरचे शिक्के आणि तिकिटे म्हणूनच जपून ठेवायची.

आधीपासून तिकडे असलेला माणूस सुट्टीवर आला तरी मर्यादा १८२ दिवसांचीच. मात्र ज्याचे भारतातले उत्पन्न १५ लाखांच्या वर आहे, त्याला २०२० पासून ही मर्यादा १२० दिवसांची केली आहे. त्याच २०२० च्या बजेटनंतर “आता गल्फवाल्यांच्या पगारावर टॅक्स” अशी हूल उठली होती. तिकडे प्रामाणिकपणे नोकरी करणाऱ्यांचा पगार इथे करपात्र होत नाही, असा खुलासा अर्थ मंत्रालयाने लगेच केला. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. त्यात कलमांचे आकडे बदलले, पण दिवसांचा हा हिशेब तोच राहिला.

पैसा कापला जातो तो असा

पगार सुटला, तरी इथले उत्पन्न सुटत नाही. बँकेचे व्याज, रत्नागिरीतल्या फ्लॅटचे भाडे, विकलेल्या घराचा नफा, हे सारे इथलेच. शेतीचे उत्पन्न मात्र करमुक्त. हापूसची बाग असेल, तर आंब्याच्या पैशाला भिण्याचे कारण नाही. फक्त इतर उत्पन्न करमर्यादेच्या वर गेले, तर कराचा दर ठरवताना शेतीचा आकडा जमेस धरतात.

खरी मेख बँकेत आहे. परदेशी नोकरीला गेलेल्याने आपले साधे बचत खाते ‘एनआरओ’ करून घ्यावे लागते. किती घरांत हे केलेले असते? खाते तसेच चालू, आणि कर कापू नये म्हणून द्यायच्या फॉर्मवर मुलाच्या नावाने कुणीतरी सही ठोकून मोकळे. हा फॉर्म अनिवासी माणसाला देताच येत नाही. ती सही उद्या अंगाशी येते.

एनआरओ खात्याच्या व्याजावर बँक ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कापते. समजा, एका मुलाला ठेवीवर वर्षाला ८० हजार व्याज मिळाले. बँकेने २४,९६० रुपये कापले. इथे त्याचे दुसरे उत्पन्न नाही, म्हणजे मुळात त्याला कर बसतच नाही. रिटर्न भरले तर ही सारी रक्कम परत मिळते. नाही भरले तर गेली! पाच वर्षे असेच चालले तर सव्वा लाखाला चार-दोनशे कमी, एवढा घामाचा पैसा जातो.

तिकडून पाठवलेला पैसा ‘एनआरई’ खात्यात ठेवला, तर त्याच्या व्याजावर करच नाही. ज्यांचा पैसा एनआरओमध्येच आहे, त्यांनी तिकडच्या सरकारकडून रहिवासाचा कर-दाखला आणून बँकेला द्यावा. अमिरातीशी झालेल्या करारामुळे व्याजावर १२.५ टक्के, तर कुवेतच्या करारामुळे १० टक्केच कापले जातात.

आणखी एक घोळ नावाचा. मुलाने बापाला पैसे पाठवले आणि बापाने आपल्या नावे ठेव केली, तर व्याज बापाचे. पण बायकोच्या नावे ठेव केली, तर व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात.

“बारा लाखांपर्यंत माफ” हे आपल्याला नाही

२०२५ च्या बजेटपासून बारा लाखांपर्यंत कर नाही हे सर्वांच्या तोंडी आहे. ती सवलत फक्त निवासींना. अनिवासीला नव्या पद्धतीत चार लाखांच्या वर कर सुरू होतो. इथले निव्वळ उत्पन्न सहा लाख असेल, तर शेजाऱ्याला शून्य आणि दुबईच्या मुलाला उपकरासह १०,४०० रुपये.

आता काय करावे?

रिटर्नची नेहमीची मुदत ३१ जुलै. सोपा ‘सहज’ फॉर्म अनिवासींना चालत नाही, एवढे सीएला आठवणीने सांगावे. भरून झाल्यावर ३० दिवसांत पडताळणी करावी लागते. ओटीपी गावच्या मोबाईलवर येत असेल, तर तो नंबर बंद पडू देऊ नका. पॅन-आधार जोडणी अनिवासींना सक्तीची नाही, पण खात्याच्या नोंदीत ‘अनिवासी’ असे लागलेले हवे. १ जुलै २०२३ ला जोडणी नसलेली पॅन कार्डे निष्क्रिय झाली, तेव्हा ही नोंद न केलेल्या परदेशस्थांचीही कार्डे त्यात सापडली. निष्क्रिय पॅनवर परतावा मिळत नाही.

आणि कायमचे परत येणाऱ्यांनो, एनआरई खाते साधे करून घ्या. बरीच वर्षे बाहेर काढलेल्याला परतल्यावर साधारण दोन-तीन वर्षे तिकडच्या उत्पन्नावर इथे कर बसत नाही. ती सवड संपली, की तिकडची खाती रिटर्नमध्ये दाखवावी लागतात. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात त्यासाठी दहा लाखांपर्यंत दंड आहे. वीस लाखांच्या आतल्या बँकठेवींना २०२४ पासून त्यातून सूट मिळाली, पण घर-जमिनीला नाही.

उन्हातान्हात मचाणावर उभे राहून मिळवलेला पैसा आहे हा. येत्या सुट्टीत मुलगा घरी आला, की पाहुणचार दोन दिवस उशिरा केला तरी चालेल. आधी त्याला घेऊन बँकेत जा, खाते कोणते आहे ते विचारा आणि वर्षभरात किती कर कापला त्याचा कागद मागा.