एका नावाची चूक

गांधीलमाशी म्हटले की कौलांखाली पोळे बांधणारी आणि चिडली असता कडकडून दंश करणारी माशी डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु तिच्या गोतावळ्यातील बहुसंख्य कीटक असे नाहीत. त्यांतील कित्येक इतके चिमुकले असतात की मोहरीच्या दाण्यावर एखादा सहज बसू शकेल. माणसाला त्यांचा काहीच उपद्रव नसतो. दुसऱ्या कीटकाच्या अंगावर किंवा अंगात अंडे घालावयाचे, आणि अंड्यातून निघालेल्या अळीने त्या कीटकावरच पोसावयाचे, असा त्यांचा जीवनक्रम. यांना परोपजीवी गांधीलमाश्या म्हणतात. पिकांवरील किडींचा संहार करणाऱ्या या माश्यांच्या कोणकोणत्या जाती कोणत्या प्रदेशात आहेत, याची नोंद शास्त्रज्ञ ठेवतात. ही नोंद चुकली तर काय होते, ते अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या बागाईतदारांनी सुमारे अर्धे शतक सोसले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील संत्र्या-लिंबांच्या बागांत परदेशातून आलेल्या झाडांबरोबर लाल खवले कीड शिरली. हिचे पिल्लू थोडे रांगते, मनाजोगती जागा मिळताच झाडात सोंड खुपसते आणि तेथेच स्थिरावते. मादी पुढे तेथून कधीच हलत नाही. तिचे पाय नाहीसे होतात आणि अंगावर वाटोळे, तांबूस कवच तयार होते. अशा हजारो खवल्यांनी फांद्या आणि फळे झाकून जात. पाने पिवळी पडून गळत आणि डहाळ्या वाळत. बागाईतदार रात्रीच्या वेळी अख्ख्या झाडावर कापडी तंबू घालून आत अत्यंत विषारी वायू सोडीत. उपाय खर्चाचा आणि जिवावरचा होता. त्यातही पुढे काही बागांतील कीड त्या वायूलाही दाद देईनाशी झाली.

ही कीड मूळची आशियातील. तेव्हा तिचा वैरीही तिकडेच असणार, हे उघड होते. १८८९ नंतर तिच्या शत्रूंच्या शोधासाठी संशोधक देशोदेशी पाठविण्यात आले. चीनमध्ये त्यांना खवल्यांवर जगणारी बारीक पिवळी माशी दिसलीही. परंतु तशीच पिवळी माशी कॅलिफोर्नियात १९०० च्या सुमारास आपोआप येऊन पोहोचली होती. तिचे नाव पुढे अफायटिस क्रिसॉम्फाली असे पडले. तिच्याने किडीचा बंदोबस्त काही होत नव्हता. चीनमधली माशी हीच, असा समज झाला. जी आपल्याकडे आहे ती पुन्हा कशाला आणावयाची, असे म्हणून संशोधकांनी तिला तेथेच सोडले. शत्रू हाती लागला होता, पण नावाने दगा दिला.

चूक अक्षम्य होती असे मात्र म्हणता येत नाही. या माश्या जेमतेम एक मिलिमीटर लांब. सगळ्या पिवळ्या, सगळ्यांचे पंख पारदर्शक. मेल्यावर त्या सुकून आक्रसतात, म्हणजे ओळखण्याची खूण उरलीसुरली तीही जाते. म्हणून नमुना गोळा करण्याचे काम फार जपून करावे लागते. कीड लागलेली फांदी बंद नळीत ठेवून माश्या बाहेर येण्याची वाट पाहतात. त्या मद्यार्कात बुडवून, मग काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. शृंगिकेच्या कांड्यांचे आकार, पंखांवरील केसांची मांडणी, अंगावरचे काळसर ठिपके असे एकेक लक्षण ताडून पाहतात. काचपट्टीला चिठ्ठी डकवितात : ठिकाण कोणते, दिनांक कोणता, कोणत्या झाडावरील कोणत्या किडीतून ही माशी निघाली आणि ती कोणी गोळा केली. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही सुबक असला तरी तो जवळजवळ निरुपयोगीच.

एवढ्यानेही काही वेळा उलगडा होत नाही. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथील संशोधक हॅरल्ड कंपियर आणि पॉल डीबाख यांच्या कामात कोशाच्या रंगाची मदत झाली. कोशावरील काळ्या खुणा निरनिराळ्या जातींत निरनिराळ्या असतात. दुसरी खूण तर फारच मजेची. क्रिसॉम्फाली जातीत जवळजवळ सर्व माद्याच असतात आणि नराखेरीजच त्यांचा वंश चालतो. दुसऱ्या माश्यांत मात्र नर आणि मादी दोन्ही भरपूर. वेगवेगळ्या ठिकाणच्या नरमाद्यांना एकत्र ठेवून त्यांना संतती होते की नाही, हेही डीबाख यांनी पाहिले. जी एकच जात समजली जात होती, त्या अनेक निघाल्या.

१९४७ साली दक्षिण चीनमधील माशी कॅलिफोर्नियात आणली गेली. दक्षिण चीनच्या ‘लिंगनान’ या जुन्या नावावरून तिला पुढे अफायटिस लिंगनानेन्सिस म्हणू लागले. समुद्रकाठच्या बागांत ती चांगली रुळली. आतल्या भागातील कडक उन्हाळा आणि थंडी मात्र तिला मानवली नाही. मग १९५६-५७ मध्ये भारत आणि पाकिस्तान येथून आणखी एक पिवळी माशी आणण्यात आली. ती बागांत कामाला लागली तेव्हा तिला नावसुद्धा नव्हते! अफायटिस मेलिनस हे नाव डीबाख यांनी तिला १९५९ साली दिले.

या माशीची मादी खवल्याच्या कवचाखाली अंडे घालते. अळी किडीवर पोसते, तेथेच कोश होतो आणि उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत नवी माशी बाहेर पडते. किडीची एक पिढी होते तोवर माशीच्या दोन-तीन होतात.

डीबाख आणि त्यांचे सहकारी बागांतून नमुने आणून कोणत्या जातीच्या किती माश्या निघाल्या, हे मोजत राहिले. थोड्याच वर्षांत आतल्या भागातील आकडे पालटले : लिंगनानेन्सिस दिसेनाशी होत गेली आणि तिच्या जागी मेलिनस आली. सगळ्या माश्या ‘पिवळी माशी’ या एकाच रकान्यात लिहिल्या असत्या, तर हा बदल कागदावर उमटलाच नसता.

आजही कॅलिफोर्नियात मेलिनस माश्या मुद्दाम वाढवून बागांत सोडतात. नंतर तपासनीस फळावरील खवला सुईच्या टोकाने उलटवतो, भिंग लावून खाली कोश आहे का ते पाहतो आणि वहीत नोंद करतो.