दोर, पाटी आणि पाच टक्के

मला एक जुना छंद आहे. घरच्यांच्या मते तो आजार आहे. बागेत, तलावाकाठी, चौकातल्या तिकोन्या तुकड्यावर, जिथं कुठं उघड्यावरची व्यायामयंत्रं दिसतील तिथं मी थांबतो आणि आधी पाटी वाचतो. 'अमुक यांच्या प्रयत्नांतून', 'तमुक यांच्या निधीतून'. नाव हातभर अक्षरांत. यंत्र कसं वापरायचं याची सूचना असलीच तर तळाशी, मुंगीएवढी. दोन पावसाळ्यांत यंत्राचं बेअरिंग किरकिरायला लागतं, तिसऱ्यात पायटा निखळतो. पाटी मात्र निवडणुकीच्या आधी नव्यानं रंगवली जाते.

या छंदानं मला वसई-विरारच्या पूर्वेला बरंच फिरवलं. पश्चिमेची वसई केळीच्या वाड्यांची, चर्चची, किल्ल्याची. पूर्वेची वसई गाळ्यांची. वालीव, गोखिवरे, सातिवली या पट्ट्यात दिवसभर टेम्पोंची ये-जा आणि लोखंड कापल्याचा वास. (आपल्या पालघर जिल्ह्यात सातिवली दोन आहेत. दुसरी महामार्गाच्या अंगाची, गरम पाण्याच्या कुंडांची. सांधे धरलेली म्हातारी माणसं त्या पाण्यात गुडघे शेकायला जात आली आहेत. ज्येष्ठांच्या तब्येतीची ही जिल्ह्यातली सगळ्यांत जुनी सोय म्हणायची, आणि तिच्यासाठी कधी कुणाला अर्ज करावा लागला नाही.) आपण बोलतोय ते गाळ्यांच्या सातिवलीबद्दल. इथं पॉवर प्रेसवर बोटं गमावलेला माणूस भेटणं नवलाचं नाही. १९२३च्या कामगार भरपाई कायद्याला एक परिशिष्ट होतं. माणसाच्या शरीराचं इतकं कोरडं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के कमी झाली असं धरायचं. पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के, मधलं बोट १२, करंगळी ७. एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. शासकीय सवलतींसाठी 'दिव्यांग' ठरायला मात्र किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या, मोजणारे वेगळे. तर्जनी गेलेल्या माणसाचा पंजा मजबूत राहावा, खांदा आखडू नये, म्हणून त्याला रोज कुठला व्यायाम द्यायचा हे दोन्ही मोजपट्ट्यांवर कुठंच लिहिलेलं नाही.

कायद्यात तरतूद नाही म्हणावं, तर तसंही नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ साली मंजूर झाला आणि एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला. त्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, हे बहुतेकांना माहीत आहे. त्याचं तिसावं कलम फारसं कुणी उघडत नाही. ते सगळं खेळावर आहे. मैदानं आणि सुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा नव्यानं आखा, खेळसुविधांसाठी निधी ठेवा, स्पर्धा भरवा, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. त्याहून गमतीचं कलम ३७. त्यातल्या एका पोटकलमात सवलतीच्या दरानं जमीन देताना ५ टक्के वाटा दिव्यांगांसाठी राखायला सांगितलंय. ती जमीन कशासाठी, तर घरं, निवारे, व्यवसाय, उद्योग, उत्पादन केंद्रं आणि करमणूक केंद्रं यांसाठी. करमणूक केंद्र! गाळ्यांच्या पट्ट्यात जमिनीचा भाव ज्यांना माहीत आहे, त्यांनी हा शब्द पुन्हा वाचावा.

पैशांचं म्हणाल तर आपल्या राज्यात स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा दिव्यांगांसाठी खर्चायचा, असा दंडक आहे. आधी ३ टक्के होता, २०१८ पासून ५ टक्के झाला. गावोगावच्या दिव्यांग संघटनांना हा आकडा तोंडपाठ असतो. 'आमचे पाच टक्के' असंच म्हणतात. या टक्क्यांवरून आपल्याकडे किती धुमसलंय हे २०१७ साली नाशिकला दिसलं. महापालिकेनं तेव्हाचे ३ टक्के खर्च केले नाहीत म्हणून आमदार बच्चू कडू दिव्यांगांना घेऊन आयुक्तांच्या दालनात गेले आणि बोलणं हमरीतुमरीवर आलं. प्रकरण न्यायालयात गेलं. कडूंच्या पद्धतीचं समर्थन मी करणार नाही. पण त्या दिवसापर्यंत अंदाजपत्रकात असं काही पान असतं, हे अर्ध्या महाराष्ट्राला ठाऊक नव्हतं, आणि ते पान उघडायला लावणारा आवाज दालनाच्या आत चढला होता, सभागृहात नव्हे, हेही विसरून चालणार नाही.

वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ला जन्मली. चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार. आता ती कुठं पोचलीय ते विरार लोकलमध्ये सकाळी सातला कळतं. २०२० मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकांनीच कारभार पाहिला. पाट्यांवरची नावं तेवढी माजी झाली. त्या काळात पाच टक्क्यांच्या पानावर हरकत घ्यायला, चार प्रश्न विचारायला निवडून आलेला माणूसच नव्हता.

राज्यात बहुतेक ठिकाणी या निधीचा मोठा भाग थेट मदत म्हणून वाटला जातो. महिन्याचं अर्थसाह्य, तीनचाकी, श्रवणयंत्र, शिष्यवृत्ती. त्याला नाव ठेवायचं पाप मी करणार नाही. ज्याच्या घरात चूल पेटायची पंचाईत, त्याला कुणी दंड-बैठका शिकवू नयेत. ज्येष्ठांच्या बाबतीत २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आली. वय ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत, तर एकदाच ३,००० रुपये खात्यात. शासन निर्णय मी बारकाईनं वाचला. चष्मा, श्रवणयंत्र, तिपायी काठी, वॉकर, कमोडची खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा, मानेची कॉलर अशी यादी आहे, आणि तिच्या शेजारी योगोपचार केंद्र, मनःस्वास्थ्य केंद्र वगैरे. म्हणजे ज्या कुणी कारकुनानं हा मसुदा केला, त्याला पट्टा आणि आसन यांचं नातं माहीत होतं. पण ३,००० रुपयांत गुडघ्याचा पट्टा आणि वॉकर आले की आसनापर्यंत काही पोचत नाही. साहजिकच पट्टा जिंकतो.

इथं मला दोन माणसं आठवतात. पहिल्याला सिनेमामुळे आता सगळे ओळखतात: मुरलीकांत पेटकर. पेठ इस्लामपूरचा मुलगा, लष्कराच्या ईएमईत बॉक्सर, १९६५च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागून कमरेखाली लुळा, आणि १९७२ला हायडलबर्गच्या तलावात ५० मीटर ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक. भारताचं हे पॅरालिम्पिकमधलं पहिलंच सुवर्ण. (ऑलिम्पिक म्युनिकला आणि पॅरालिम्पिक हायडलबर्गला का? खेळाडूंच्या गावातल्या सदनिका स्पर्धेनंतर लगेच विकायच्या ठरल्या होत्या म्हणून. बिल्डर सगळीकडे सारखेच.) पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, अर्जुन पुरस्कार तर २०२५ला हातात पडला. सिनेमात यातल्या बहुतेक गोष्टी आहेतच. माझं कुतूहल चाळवतो तो एक बारका तपशील: प्रवासाचे पैसे कुणी दिले? पेटकरांच्या मदतीला विजय मर्चंट उभे होते. तेच मर्चंट, ज्यांनी क्रिकेटच्या निवड समितीत १९७१च्या दौऱ्यासाठी आपलं निर्णायक मत टाकलं आणि पतौडींच्या जागी आपला वाडेकर कर्णधार झाला. आपण मराठी माणसं त्या मतासाठी मर्चंटांना आठवतो. त्यांनी अपंगांसाठी वर्षानुवर्षं केलेल्या कामाबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलं. निवड समितीतल्या एका मतावर पन्नास वर्षं बोलणारे आपण, एका तिकिटावर बोलत नाही.

दुसरा माणूस या लेखाचा खरा नायक, आणि त्याच्यापर्यंत मी उशिरा पोचलो. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे. संस्था १९२५ची. २०२४ला देशपांड्यांना पद्मश्री मिळाली. ५० देशांतल्या ५,००० हून अधिक लोकांना त्यांनी मल्लखांब शिकवला, असं सरकारनं तेव्हा सांगितलं. त्याच्या पुढचं वाक्य अधिक मोलाचं होतं. ज्यांच्यापर्यंत त्यांनी हा खेळ नेला त्यांत महिला, दिव्यांग, अनाथ मुलं, आदिवासी आणि ज्येष्ठ नागरिक यांची नावं होती. ज्येष्ठ नागरिक, मल्लखांबावर! दादरच्या कमला मेहता अंधशाळेतल्या मुलींना त्यांनी दोरावर चढवलं.

दोरावर अंध मुलगी पहिल्यांदा बघताना आपलाच श्वास अडकतो. माझाही अडकला होता. थोडं बघितल्यावर लक्षात येतं, की भीती आपल्याला वाटतेय, तिला नाही. याची कारणं मी बरेच दिवस घोळवली. एक म्हणजे दोर कधी सुटत नाही. जिम्नॅस्टिक्सच्या बारवर हात सुटतो आणि पुन्हा धरायचा असतो, त्यासाठी डोळे लागतात. दोराच्या मल्लखांबात सुती दोर पायाच्या अंगठ्याच्या बेचकीत, मांडीत, काखेत कुठं ना कुठं धरलेलाच असतो. तोच जमीन, तोच दिशा. दुसरं म्हणजे मल्लखांबाची बोली. अढी, तेढी, बगली, दसरंग, फरारा, ताजवा, सुईदोरा. प्रत्येक पकडीला, प्रत्येक वळणाला नेमकं नाव आहे. शिक्षकाला 'माझ्याकडे बघ' म्हणायची गरजच पडत नाही. तो नाव उच्चारतो, एकदा हातानं पाय जागेवर बसवून देतो, पुढच्या वेळी नावावर पाय आपोआप येतो. आखाड्याच्या अर्धवट उजेडात वाढलेली ही भाषा अंधांसाठीच घडवली होती की काय, असं वाटावं.

आता पुन्हा सातिवलीच्या बागेतल्या व्यायामयंत्रांकडे. ती कुणासाठी बनली आहेत? धडधाकट, मध्यम उंचीच्या, दोन्ही पाय एकदम उचलता येणाऱ्या माणसासाठी. बागेच्या दारात गाई-म्हशी शिरू नयेत म्हणून लावलेल्या आडव्या दांड्या चाकाच्या खुर्चीलाही आत येऊ देत नाहीत. सत्तरीच्या बाईला साडी सावरत पायट्यावर चढणं जमत नाही, मग ती कठड्यावर बसून नातवाला झोके देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींत पासष्टीपुढच्यांसाठी दोन गोष्टी आहेत. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम. दिव्यांगांसाठी वेगळी शिफारस संघटनेनं त्याच वर्षी पहिल्यांदा केली. मुद्दा तोलाचा आहे. म्हातारपणी माणूस हृदयानं जातो असं आपण म्हणतो, पण अंथरुणाला खिळतो तो बहुधा न्हाणीघरात घसरून. तोल यंत्र शिकवत नाही. शेजारी हात धरून उभा राहिलेला माणूस शिकवतो.

आणि नेमका त्या माणसासाठी पैसा नाही. राज्याच्या क्रीडा विभागाची व्यायामशाळा विकास अनुदान योजना वर्षानुवर्षं चालू आहे. तिचा गाभा बांधकाम आणि साहित्य. याचं मूळ कुणाच्या दुष्टपणात नाही. वस्तू मोजता येते, तिचं बिल लावता येतं, फोटो काढता येतो आणि तिच्यावर पाटी लावता येते. शिक्षकाच्या मानधनावर पाटी कुठं लावणार? पण आपल्याच इतिहासात याच्या उलट उदाहरण आहे. १९३७ला मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, त्यानं शारीरिक शिक्षणाची समिती नेमली. अध्यक्ष कैवल्यधामचे स्वामी कुवलयानंद. त्यातून १९३८ला कांदिवलीला संस्था निघाली ती व्यायामशिक्षक घडवण्याची. त्या सरकारच्या हाती वेळ कमी होता, पैसा तर होताच कमी. तरी आधी शिक्षक, मग डंबेल्स, हा क्रम त्यांना सुचला.

माझं गणित साधं आहे. सातिवलीतल्या एखाद्या शाळेचं सभागृह, संध्याकाळचे दोन तास. आढ्याला भक्कम कडी, तिला सुती दोर. भिंतीला कमरेइतक्या उंचीवर लाकडी दांडा, ज्येष्ठांनी धरून तोल सांभाळायला. जमिनीवर गाद्या. आणि एक शिक्षक, आठवड्याला पाच दिवस, पाच टक्क्यांच्या निधीतून नियमित मानधनावर. बोटं गेलेल्या कामगाराला पकड, अंध मुलीला दोर, लकवा मारलेल्या आजोबांना दांडा. एवढ्यासाठी नवी योजना नको, नवं कलम नको. कलम ३० आहे, पान आहे, पैसा आहे.

वसई-विरारकरांनो, महापालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मांडलं जातं. त्यात शिक्षकाच्या मानधनाचं लेखाशीर्ष हवं असेल तर मागणीचा अर्ज दिवाळीची सुट्टी संपताच प्रभाग कार्यालयात द्या, पोचपावती घ्या. आणि अर्जात यंत्र मागू नका.