मोइरांग : लोकताकच्या काठावरील ऐतिहासिक नगर

मणिपूरची राजधानी इम्फाळपासून दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर, बिष्णुपूर जिल्ह्यात मोइरांग हे छोटे नगर वसले आहे. लोकताक या ईशान्य भारतातील गोड्या पाण्याच्या सर्वांत मोठ्या सरोवराशी येथील जनजीवन निगडित आहे. खंबा आणि थोइबी यांची प्रसिद्ध प्रेमकथा याच भूमीतील असून, थांगजिंग देवतेच्या 'लाइ हराओबा' उत्सवात त्यांच्या नावाचे नृत्य सादर केले जाते.

ऐतिहासिक महत्त्व

१४ एप्रिल १९४४ रोजी आझाद हिंद फौजेचे कर्नल शौकत अली मलिक यांनी मोइरांग येथे तिरंगा फडकविला. या घटनेची स्मृती येथील आझाद हिंद फौज संग्रहालयाने जपली आहे.

तरंगते उद्यान

वनस्पती, माती आणि कुजलेले सेंद्रिय द्रव्य यांच्या तरंगत्या थरांना 'फुमदी' म्हणतात. त्यांचा बहुतांश भाग पाण्याखाली असतो. सेंद्रा टेकडीवरून फुमदींची वर्तुळे आणि मच्छीमारांच्या होड्या दिसतात. सरोवराच्या आग्नेय भागातील सुमारे ४० चौरस किलोमीटरचे केइबुल लामजाओ हे जगातील एकमेव तरंगते राष्ट्रीय उद्यान होय (१९७७). मणिपूरचा राज्यप्राणी 'संगाई' हरणाचे हे एकमेव नैसर्गिक वसतिस्थान आहे. १९७५ च्या गणनेत केवळ १४ संगाई आढळले होते. २०१६ मध्ये ही संख्या २६० झाली.

विकास आणि पर्यावरण

पूर्वी हिवाळ्यात पाणी ओसरले की फुमदी तळाला टेकत, वनस्पतींची मुळे गाळातून पोषकद्रव्ये घेत आणि पावसाळ्यात फुमदी पुन्हा वर येत. १०५ मेगावॉट क्षमतेच्या लोकताक जलविद्युत प्रकल्पासाठी १९८३ मध्ये इथाई बंधारा कार्यान्वित झाल्यावर पाण्याची पातळी वर्षभर उंच राहू लागली. त्यामुळे फुमदी पातळ होऊन हरणांचा भार पेलण्याची त्यांची क्षमता घटली. काठची शेतजमीन बुडाली आणि नदीतून येणाऱ्या स्थलांतरित माशांचा मार्ग अडला. १९९० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळालेल्या लोकताकचा १९९३ मध्ये संकटग्रस्त पाणथळ जागांच्या 'माँत्रो नोंदी'त समावेश झाला. २००६ मध्ये राज्याने सरोवर संरक्षणाचा कायदा केला.

मे २०२३ मध्ये राज्यात उसळलेल्या हिंसाचाराचा पर्यटनालाही फटका बसला. तथापि सरोवराचा मूळ प्रश्न पाण्याच्या पातळीचा आहे. वीज, शेती, मासेमारी आणि संगाई या चौघांनाही त्याच पाण्याचा आधार असल्याने, पातळीचे ऋतुमानानुसार नियमन हाच मोइरांगच्या शाश्वत विकासाचा पाया ठरतो.