सुरतेचा सव्वा तास

पुण्यातल्या धायरीच्या एका वाचक ताईंनी पत्रातून विचारलं आहे: ‘२०२५ च्या जानेवारीत आमच्या भागात जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली. तेव्हा आम्ही दोन महिने पाणी उकळून प्यायलो. पाणीपुरी बंद, चिकन बंद, मुलाला उसाचा रससुद्धा घेऊ दिला नाही. पण त्याच मुलाला स्कूटरवर मागे बसवून मी रोज सिंहगड रोडने शाळेत सोडत होते आणि आम्ही दोघंही बिनहेल्मेटचे. आम्ही भलत्याच गोष्टीला घाबरलो का?’

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला १९९४ चा सप्टेंबर आठवला. गणपती नुकतेच गेले होते. त्याआधी तापीला पूर येऊन गेला होता आणि सुरतेत चिखल-कचरा साचून राहिला होता. तिथल्या वेड रोड भागात तापाने नि खोकल्याने माणसं एक-दोन दिवसांत दगावू लागली आणि शहरभर एकच शब्द फिरला, प्लेग. तोही फुप्फुसांचा, खोकल्यातून पसरणारा. चार-पाच दिवसांत काही लाख माणसांनी सुरत सोडली. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक दुकानांतून दिसेनासं झालं. आखाती देशांनी विमानं थांबवली.

सुरतेत लूमवर काम करणारी आमची खानदेशी माणसं पुष्कळ. सुरत-भुसावळ गाडीने ती गावोगाव परतली. अमळनेरला आमच्या घरी मामा आले ते असेच, हातात एक पिशवी घेऊन. आजीने त्यांना दारातच थांबवलं. मागच्या अंगणात आंघोळ, कपडे उकळत्या पाण्यात, जेवण अंगणातच, आणि संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर. आम्हा पोरांना त्यांच्याजवळ फिरकायची बंदी होती. शेजारचे काका मात्र रोजच्यासारखे ओट्यावर येऊन बसले. त्यांना दोन वर्षांपासून टीबी होता. बरं वाटू लागल्यावर त्यांनी गोळ्या मध्येच सोडल्या होत्या. ते खोकत होते, आम्ही त्यांच्यासमोरच कॅरम खेळत होतो आणि आजीने त्यांना आपल्या हाताने चहा आणून दिला.

पुढे संसर्गशास्त्र वाचायला लागलो तेव्हा हा दिवस मी कितीदा तरी मनात उलगडला. सुरतेच्या त्या साथीत दगावलेल्यांची संख्या पन्नासच्या आसपास होती. त्याच काळात देशात क्षयरोगाने दिवसाला हजाराहून जास्त माणसं मरत होती. म्हणजे साऱ्या जगाला हादरवणाऱ्या सुरतेच्या प्लेगने जितके बळी घेतले, तितके टीबी या देशात साधारण सव्वा तासात घेत होता. तोही खोकल्यातूनच पसरणारा.

असं का होतं, याचा पहिला पद्धतशीर शोध अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये लागला. या विषयात पॉल स्लोव्हिक यांचं नाव सगळीकडे घेतलं जातं, पण १९७८ च्या त्या मूळ निबंधावर पहिलं नाव सारा लिक्टनस्टाइन यांचं आहे आणि ते अधिक वेळा घेतलं जायला हवं असं मला मनापासून वाटतं. त्यांची रीत किती साधी होती पाहा! मृत्यूची ४१ कारणं लोकांपुढे ठेवली. काहींना एकच आकडा सांगितला, वाहन अपघातांत वर्षाला ५० हजार माणसं मरतात. आता बाकीच्या कारणांचा अंदाज करा. लोकांनी टोर्नेडो वादळाला दम्यापेक्षा मोठा मारेकरी ठरवलं. प्रत्यक्षात दमा सुमारे वीसपट माणसं मारत होता. वादळ, पूर, खून यांचे अंदाज फुगले. मधुमेह, पक्षाघात आणि टीबी यांचे आकसले.

पुढच्याच वर्षी स्लोव्हिक आणि बार्बरा कोम्ब्स यांनी दोन वर्तमानपत्रांची पानं मोजली. आजारांनी मरणारे अपघातांत मरणाऱ्यांच्या सुमारे सोळापट, पण बातम्या अपघातांच्याच तिपटीहून जास्त. लोकांच्या डोक्यातलं कोष्टक वर्तमानपत्राच्या कोष्टकाशी जुळत होतं. वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या माझ्यासारख्याने हे नीट लक्षात ठेवायला हवं.

रोजच्या धोक्याला तारीख नसते. तो ‘आला’ असं कधी होत नाही, म्हणून तो दिसतही नाही. तो दिसावा म्हणून स्टॅनफर्डच्या रॉनल्ड हॉवर्ड यांनी एक सुंदर माप काढलं. दहा लाखांत एक इतकी मृत्यूची शक्यता म्हणजे एक मायक्रोमॉर्ट. भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. लोकसंख्येने भागून पाहा. या देशात राहणाऱ्या सरासरी माणसाच्या खात्यावर रस्ता दर तीन दिवसांनी एक मायक्रोमॉर्ट टाकतो. त्या वर्षी हेल्मेट न घातलेले ५० हजारांवर लोक दगावले.

तरीही ‘साथीपेक्षा रस्त्यावर जास्त मरतात, मग घाबरता कशाला?’ हे वाक्य मला मुळीच मान्य नाही. २०२० च्या मार्चमध्ये ते फार ऐकू आलं. तेव्हा देशात कोविडने गेलेल्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती. २०२१ च्या मे महिन्यात काही दिवस रोजच्या मृत्यूंचा सरकारी आकडाच चार हजारांवर गेला. रस्त्यावर तेव्हाही दिवसाला चार-साडेचारशेच मरत होते. यंदाचे अपघात पुढच्या वर्षीच्या अपघातांना जन्म देत नाहीत. एक रोगी मात्र दोन रोगी करू शकतो, दोनाचे चार. जो आकडा दुपटीने वाढू शकतो, त्याची आजची किंमत पाहून त्याला लहान म्हणणं हे गणितच चुकीचं आहे. फुप्फुसाचा प्लेग उपचाराविना जवळजवळ नेहमीच जीव घेतो आणि पहिल्या चोवीस तासांत प्रतिजैविक मिळालं तर माणूस बहुधा वाचतो. सुरतेतली साथ पहिल्या दिवशी कुठवर जाईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आजीने मामांना अंगणात ठेवलं ते बरोबरच केलं. मामांच्या बाबतीत तिचं काहीच चुकलं नाही.

त्या भीतीने कामही करून घेतलं. १९९५ मध्ये एस. आर. राव सुरतेचे महापालिका आयुक्त झाले, गटारं आणि कचरा यांच्यामागे हात धुऊन लागले, आणि पुढे एका पाहणीत ते शहर देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं स्वच्छ शहर ठरलं. टीबीच्या गोळ्या कार्यकर्त्यासमोर खायला लावणारा सुधारित राष्ट्रीय कार्यक्रम १९९७ मध्ये सुरू झाला. त्यासाठी एकही गाडी रिकामी झाली नव्हती की भरून धावली नव्हती.

तेव्हा ताई, पाणी उकळलंत ते योग्यच. जीबीएस एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. पण त्याआधी अनेकदा पोटात जाणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या चिकनमधून येतो आणि उकळल्यावर मरतो. नीट शिजवलेलं चिकन बंद करायची मात्र गरज नव्हती. आता दोन हेल्मेटं घ्या, मुलाचं त्याच्या डोक्याच्या मापाचं.

मामा दिवाळीनंतर परत गेले. आजही सुरतेतच आहेत, वेड रोडपासून जवळच. काका १९९५ च्या पावसाळ्यात गेले. गल्लीतले सगळे त्यांना पोचवायला आले होते, आणि परतल्यावर ओट्यावर बसून आम्ही सगळ्यांनी चहा घेतला.