बल गती टिकवत नाही, बल गती बदलतं

मागच्या व्याख्यानात आपण वेग आणि त्वरण पाहिलं. आज आपला विषय आहे बल. शाळेत आपण सगळ्यांनीच न्यूटनचे नियम पाठ केलेत. तरीही एक साधा प्रश्न आला की आपण गडबडतो. सरळ, सपाट रस्त्यावर एक बस ताशी ३६ किलोमीटर या एकसमान वेगाने चालली आहे. तिच्यावरचं एकूण बल किती?

आपल्यातले बरेच जण म्हणतील, पुढच्या दिशेने थोडं तरी बल असणारच, नाहीतर बस चालेल कशी? पण उत्तर आहे शून्य! चाकांमुळे बसला पुढे जेवढा रेटा मिळतो, तेवढाच विरोध हवेचा आणि घर्षणाचा असतो. बलं संतुलित आहेत, म्हणून वेग बदलत नाही.

आपला असा समज का होतो? कारण हातगाडी ढकलायची थांबवली की ती थांबते, हे आपण रोज बघतो. न दिसणारं घर्षण आपण हिशोबात धरत नाही. गॅलिलिओने ते धरलं. उतारावरून सोडलेला गोळा समोरच्या चढावर जवळपास तेवढ्याच उंचीपर्यंत जातो. चढ कमी केला की तीच उंची गाठायला तो जास्त लांब जातो. मग चढ अगदी सपाट केला आणि घर्षणच नसलं तर? गोळ्याला थांबायला कारणच उरत नाही. १६८७ साली न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’मध्ये हाच विचार पहिला नियम म्हणून मांडला.

आता बसने ब्रेक मारला. आपण पुढे जातो आणि वाटतं, कोणीतरी मागून ढकललं. खरं तर कोणीच ढकललेलं नसतं. बसचा वेग कमी झाला, आपलं शरीर मात्र आधीच्याच वेगाने पुढे चाललंय. यालाच आपण जडत्व म्हणतो.

हे फक्त परीक्षेपुरतं नाही. कारमध्ये पुढच्या सीटवर बाळाला मांडीवर घेऊन बसलेले लोक आपण पाहतो. ‘घट्ट धरलंय की!’ असं ते म्हणतात. चला, हिशोब करू. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. समजा, कार कशावर तरी आदळली आणि अर्ध्या मीटरमध्ये, म्हणजे ०.१ सेकंदात थांबली. वेगातला बदल १०, भागिले ०.१, म्हणजे त्वरण झालं १०० मीटर प्रति सेकंद वर्ग, अर्थात मागच्या दिशेने. बाळाचं वस्तुमान १० किलो धरलं, तर त्याला कारबरोबर थांबवायला १००० न्यूटन बल लागेल. सुमारे १०० किलोचं पोतं उचलायला लागतं तेवढं! तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. कितीही माया असली तरी हातांना हे जमणार नाही. वेग दुप्पट असेल आणि कार तेवढ्याच अंतरात थांबली, तर हे बल चौपट, म्हणजे ४००० न्यूटन होतं.

मग सीटबेल्ट काय करतो? तो हे बल खांदा, छाती आणि कंबरेच्या हाडांवर वाटून देतो, आणि थोडा ताणला जाऊन थांबायला जास्त वेळ देतो. वेळ वाढला की बल कमी होतं. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर चेपला जातो, तोही याचसाठी. आणि बाळाची जागा मांडीवर नाही, मागच्या सीटवर नीट बसवलेल्या लहान मुलांच्या खास सीटमध्ये आहे.

तेव्हा एवढं लक्षात ठेवूया: गती चालू ठेवायला बल लागत नाही, ती बदलायला लागतं. थांबणं हाही बदलच आहे.

जाता जाता एक प्रश्न. लिफ्ट एकसमान वेगाने वर चालली आहे. दोराचा ताण लिफ्टच्या वजनापेक्षा जास्त, कमी, की तेवढाच? घर्षण सोडून द्या. विचार करून ठेवा. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.