माकडं आता माणूस का होत नाहीत?

हा प्रश्न मी लग्नाच्या पंगतीत ऐकलाय, एसटीत ऐकलाय, आणि एकदा तर विज्ञान शिकवणाऱ्या मास्तरांच्याच तोंडून ऐकलाय: ‘माणूस माकडापासून झाला म्हणता ना, मग आता माकडं माणूस का होत नाहीत?’ विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर डार्विनला चितपट केल्याचा आनंद असतो.

तर पुन्हा एकदा. छपरावरचं लालतोंडं माकड आपला आजोबा नव्हे, लांबची भावकी आहे. मी आणि माझा चुलतभाऊ एकाच आजोबांचे नातू. म्हणून मी चुलतभावापासून झालो, असं कुणी म्हणत नाही. ‘तू आहेस, मग तो अजून कसा?’ असंही विचारत नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा समाईक पूर्वज साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वीचा. माकडांशी आपली वाटणी त्याच्या खूप आधी, सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीच झालेली. चिंपांझीलाही आपण सरसकट माकड म्हणतो, पण त्याला शेपूट नाही, आणि नात्याने तो गोरिलापेक्षाही आपल्याला जवळचा आहे.

‘पण माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलंय का?’ हा पुढचा हुकमी प्रश्न. 2018 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी हाच मुद्दा काढला, आणि देशातल्या तीन विज्ञान अकादमींना संयुक्त निवेदन काढावं लागलं. पाहायचंच असेल तर पेशीत पाहा. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या 24 जोड्या, आपल्यात 23. एक गेली कुठे? कुठेच नाही. दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून जुळली. गुणसूत्राच्या टोकावर असते ती खूण आपल्या दुसऱ्या गुणसूत्राच्या पोटात आजही सापडते.

खरी गोची शिडीच्या कल्पनेत आहे. टी-शर्टांवर मिरवणारी ती रांग, वाकलेल्या वानरापासून ताठ माणसापर्यंतची, रुडॉल्फ झॅलिंगर यांनी 1965 च्या एका पुस्तकासाठी काढली. चित्र झकास, पण सगळे प्राणी माणूस होण्याच्या शिडीवर चढतायत, हे त्याने डोक्यात घातलेलं खूळ निघता निघत नाही. काळतोंड्या वानर निबर पानं खातो आणि कप्प्याकप्प्यांच्या पोटात ती आंबवून पचवतो. आपण खाऊन दाखवावीत! आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या 2 टक्के, पण स्वस्थ बसल्यावरही सुमारे 20 टक्के ऊर्जा त्यालाच लागते. हा पांढरा हत्ती झाडपाल्यावर पोसायचा कसा? वानराचं त्याच्याविना उत्तम चाललंय.

बाकीचे गैरसमज झटपट. मोठा मेंदू म्हणजे जास्त हुशारी? स्पर्म व्हेलचा मेंदू सात-आठ किलोचा, आपला जेमतेम 1.4. मेंदूचा 10 टक्केच भाग वापरतो? मग पक्षाघाताचे झटके बहुतेक वेळा वायाच गेले असते. अवजार फक्त माणूस बनवतो? 1960 मध्ये टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात जेन गुडॉल यांनी पाहिलं: एका चिंपांझीने डहाळीची पानं ओरबाडली, काडी वारुळात खुपसली आणि तिला चिकटलेली वाळवी चाटून खाल्ली.